पण

हालब्योर्नने दवाखान्याच्या किल्ल्या दिल्या,
जीपचा दुसरा गिअर कसा चुचकारायचा ते दाखवलं,
आणि अगदी शेवटी, कोटाच्या आतल्या खिशातून,
तळहाताएवढा संगणक.
"वह्या यात उतरवायला दोन हिवाळे लागले," म्हणाला,
"गाईगुरं बदलतात, पत्ते तेच राहतात."
आणि डेन्मार्कला निघून गेला, लेकीकडे.

त्याचे पत्ते जुन्या प्रोग्रॅममध्ये,
मला हवे होते नव्यात, जो भेटींच्या तारखा लक्षात ठेवतो.
त्याच यंत्रात. ओसरीवरून माजघरात नेण्याइतकं काम,
असं वाटलं.

नवा प्रोग्रॅम आडनाव विचारतो.
इथे आइसलँडात आडनाव नसतं,
माणसाचं नाव, मागे बापाचं,
आणि मुलगा की मुलगी एवढंच.
त्याने बापालाच आडनाव मानलं
आणि सगळं खोरं बापांच्या वर्णक्रमाने उभं केलं.
गेलेले म्हातारे हजेरी घ्यायला आले जणू.
एविंदुरचे दोघे मुलगे,
कुंपणाच्या तारेवरून सतरा वर्षं अबोला,
पडद्यावर एकाखाली एक,
मध्ये केसाएवढी रेघ.

मग स्वल्पविराम.
हालब्योर्न पत्ता लिहायचा बोलल्यासारखा:
पुलाच्या अलीकडे, लाल फाटक, तिथून डावीकडे.
प्रत्येक स्वल्पविरामाशी पत्ता तुटून
पुढच्या रकान्यात पडला.
शहर: लाल फाटक.
देश: तिथून डावीकडे.
फोन नंबर जन्मतारखेत जाऊन बसले.
स्टेन्नुन नावाची बाई
सत्तेचाळीसाव्या महिन्यात जन्मली.

चार रात्री मी प्लॅस्टिकच्या काडीने टोचत बसले.
रात्री म्हणायच्या, जूनमध्ये इथे अंधार पडत नाही.
बॅटऱ्या संपल्या, भिंतीवरच्या घड्याळातल्या काढून घातल्या.
घड्याळ पावणेतीनला थांबलं ते अजून तसंच आहे.

टिपणं मात्र आली. दोनशे पंचावन्न अक्षरांपर्यंत;
पुढच्याचा पत्ता कट.
"पैसे मागू नकोस, मेंढरं विकली की स्वतः आणून देतो."
"घोडी लाथ मारते, मालक त्याहून."
"बायकोचा विषय काढू नकोस, काढलाच तर"

आणि काल्दाकिनची ह्राफ्नकात्ला,
तिच्या गाईंची सगळी बाळंतपणं ओळीने, आणि शेवटी:
"कुत्रा भुंकतो, चावत नाही, पण"

जुनी फाइल मी तोवर पुसली होती.
जागा हवी होती.

फोन केला. पलीकडे कपडे धुण्याचं यंत्र घरघरत होतं.
"पण?" हालब्योर्न म्हणाला.
"पण काय बरं असेल…"
बराच वेळ नुसतं यंत्रच ऐकू आलं.
मग म्हणाला, "जाऊन तर ये."

गेले ऑक्टोबरात. गाय अडली होती.
कुत्रा भुंकला, चावला नाही.
मी अंगणात बॅग छातीशी धरून
त्या "पण"ची वाट बघत उभी.
काही झालं नाही.
वासरू उलटं होतं, तरी निघालं जिवंत.
कॉफी झाली, पैसे झाले,
ह्राफ्नकात्ला सगळं मिळून नऊ शब्द बोलली.

जीप निघाली तसा कुत्रा मागे धावला.
लाल फाटक गेलं, वळण गेलं,
पुलावर मधोमध येऊन आडवा झाला.
हॉर्नला दाद देईना.
शेवटी उचलून शेजारच्या सीटवर घेतला, ओल्या लोकरीच्या वासासकट,
आणि आले तशी परत.

दार उघडंच होतं.
टेबलावर दुसरी किटली वाफाळत होती,
दुसरे दोन कप, धुतलेले नव्हेत, वेगळेच,
निळ्या कडेचे.

"साखर दोन चमचे," ती म्हणाली,
विचारलं नाही तिने, नुसतं म्हणाली.

मी साखर घेत नाही.
हो म्हटलं.